लिहिणाऱ्याने बघायचं नाही

यंदाच्या मोजणीपर्यंत चौदा हिवाळे मी तळ्यावर पक्षी मोजायला गेले, आणि त्या चौदा हिवाळ्यांत मी एकही पक्षी बघितला नव्हता. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई थट्टा करते आहे. थट्टा नाही, नियम आहे.

आमच्याकडे दर हिवाळ्यात एका रविवारी तळ्यावरच्या पक्ष्यांची मोजणी होते. तळ्याचे सहा काठ ठरलेले आहेत आणि प्रत्येक काठावर दोन माणसं, एक बघणारा आणि एक लिहिणारा. ज्या कोणी ही मोजणी सुरू केली त्याच्या लक्षात आलं होतं की दोघंही बघायला लागले की पक्षी वाढतात. एकाला वीस दिसले की दुसऱ्याला बावीस दिसतात, मग पहिला पुन्हा बघतो आणि त्याला पंचवीस दिसतात. म्हणून लिहिणाऱ्याने तळ्याकडे पाठ करून बसायचं, बघणारा सांगेल ते लिहायचं आणि मागे वळायचं नाही.

पहिल्या काठावर बघणारे आमचे हे आणि लिहिणारी मी. दोन घडीची स्टुलं, पाठीला पाठ. यांच्यासमोर तळं, माझ्यासमोर एका शेतकरीणबाईंचा गहू आणि त्यांचं पंपघर. चौदा वर्षांत त्या पंपघराला तीनदा रंग दिला गेला, हे मी शपथेवर सांगू शकते.

शपथ तोंडात बसली आहे, कारण मी एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार रडायचा, वकील ओरडायचा, मी खाली मान घालून लिहायचे. त्यामुळे माणसाच्या तोंडाकडे न बघता तो खरं बोलतोय की पढवलेलं बोलतोय, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. खरं सांगणारा अडखळतो, मागे जातो, "नाही नाही, आधी तो आला होता" म्हणतो. पढवून आणलेला साक्षीदार कुठे अडत नाही. ही विद्या मी निवृत्त होताना तिथेच ठेवून आले, असं मला वाटत होतं.

आमच्या यांचं चष्म्याचं दुकान आहे. अर्ध्या गावाच्या नाकावर यांच्या दुकानातला चष्मा असतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत डोकावून "मोतीबिंदू आहे, अंगावर काढू नका, ऑपरेशन म्हणजे हल्ली पंधरा मिनिटांचं काम" असं बजावायला यांना मनापासून आवडतं. भित्र्या गिऱ्हाइकांना तर हे स्वतः हाताला धरून सर्जनकडे पोचवून आलेले आहेत.

तर गेल्या वर्षभरात यांनी घरातले सगळे दिवे बदलले. हल्लीचे दिवेच मंद येतात म्हणे. आमच्या स्वयंपाकघरात आता इतका उजेड आहे की चिमटीतल्या मिठाचे खडे मोजावेत. मग यांनी पेपरातले फक्त मथळे वाचायला सुरुवात केली, बाकी सगळी भरताड असते म्हणून. एकदा शेजाऱ्यांचं मांजर आपल्या खुर्चीत बसलंय म्हणून हे त्याला पाच मिनिटं रागावत होते. ती माझी शाल होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण चष्मेवाल्याच्याच डोळ्यांवर शंका कोण घेणार?

शंका घेतली ती दातांच्या डॉक्टरांनी. मोजणीचे प्रमुख तेच. समोरच्याच्या तोंडात हात घालून बोलायची सवय असल्यामुळे ते प्रश्न विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत. मोजणीच्या आठवडाभर आधी ते दुकानात येऊन बोलून गेले. पहिल्या काठावर गेली दोन वर्षं बदकं बरोबर ब्याण्णव आहेत, हे कसं? पक्षी काय हजेरीपटावर सही करायला येतात? तर यंदा साडेनऊला ते स्वतः मोठी दुर्बीण घेऊन येणार आणि पुन्हा मोजणार. दहात एकाचा फरक चालतो. त्याहून जास्त आला तर पहिला काठ दुसऱ्या कोणाकडे, आणि यांना स्वागत समितीवर घेणार.

स्वागत समिती म्हणजे गाड्या लावतात तिथलं एक टेबल. दृष्टी गेलेले, गुडघे गेलेले जुने मोजणारे तिथे बसून टोप्या आणि बिस्किटं वाटतात. हे त्यांना इतकी वर्षं 'बिस्किटवाले' म्हणत आले होते. त्या दिवशी जेवताना यांनी निम्मं ताट तसंच ठेवलं.

"मला त्या टेबलावर बसवलं तर मी परत तळ्यावर पाऊल टाकणार नाही," हे म्हणाले. "वर्षभर मी लोकांना विचारतो, खालची ओळ दिसते का, खालची ओळ दिसते का. त्या एका सकाळी काय दिसतं ते मी सांगतो. तेवढं एकच आहे माझं."

मला वाईट वाटलं. यांचा आकडा चुकेल असं मात्र माझ्या मनातही आलं नाही.

रविवारी सात वाजता आम्ही स्टुलं मांडली. धुकं विरत होतं आणि पाठीमागे नेहमीचा कलकलाट चालू होता. मी पेन्सिलीला टोक काढलं आणि यांनी सांगायला सुरुवात केली. "चांदवे, एकशे चाळीस. थापटे, साठ. तलवार बदकं, बत्तीस. शेकाटे, बावीस."

मी लिहिलं, पण कान टवकारले गेले. पूर्वी हे मध्येच "थांब, हलले मेले" म्हणायचे, खोडायला लावायचे, एकदा तर चांदव्यांना चांगल्या शिव्या दिल्या होत्या. गेली दोन वर्षं ते कमी झालं होतं, हे मला आत्ता जाणवलं; आज तर एक अक्षर अडत नव्हतं. "वाळक्या झाडावर पाणकावळा, एक, पंख पसरून." मग जरा दम खाऊन, आवाज चढवून, "चमचे, अकरा. पलीकडच्या काठावर. झोपलेत."

चमचे म्हणजे आमच्या मोजणीचे जावई. पांढरे, उंच, चमच्यासारख्या चोचीचे. मध्ये कित्येक वर्षं ते आलेच नव्हते. गेल्या वर्षी यांना नऊ दिसले तेव्हा अहवालात 'चमच्यांचं आशादायक पुनरागमन' असं ठळक अक्षरांत छापून आलं होतं. ते पान यांनी दुकानात काचेखाली लावलं आहे.

मी 'चमचे ११' लिहिलं आणि तेवढ्यात शेतकरीणबाई बादली घेऊन आल्या. दरवर्षी त्या माझ्याजवळ उभ्या राहतात, मी बसलेली पंपघराकडे तोंड करून आणि त्या तळ्याकडे. यंदा पाणी लवकर उतरलं, त्या सांगायला लागल्या, म्हणून पलीकडच्या गाळात गेल्या वर्षीसारखा वाटाणा टाकलाय. पाखरांचा फार त्रास, म्हणून खताची पांढरी पोती काठ्यांवर बांधून ठेवलीत.

"गेल्या वर्षी नऊ बांधली होती ताई, ती कमी पडली. यंदा अकरा बांधली. एक पाखरू फिरकत नाही बघा."

माझी पेन्सिल कागदावरच थांबली. बाईंचं चालूच होतं. काठावरचं वाळकं झाड पावसाळ्यात पडलं ते नेमकं त्यांच्या पाइपावर. आता त्याचीच लाकडं जाळून पाणी तापवतेय, चांगली जळतात. एवढं सांगून त्या बांधावरून पलीकडे वाटाण्याच्या शेंगा तोडायला गेल्या.

यांनी त्यातलं काही ऐकलं नव्हतं. चांदवे मोजत असल्यासारखे ओठ हलवत बसले असणार. मी न वळता विचारलं, "अहो, पाणकावळा आहे का अजून?"

"आहे ना."

"कुठे?"

"झाडावर. सांगितलं ना मघाशी."

"ते झाड पावसाळ्यात पडलं. बाई त्याच्यावर अंघोळीचं पाणी तापवताहेत."

मागे काहीच आवाज झाला नाही. एकतीस वर्षं मी अशा शांतता ऐकल्या आहेत. अशा वेळी न्यायाधीश पाणी पितात. मी स्टुलावरून उठले आणि नियम मोडून वळले.

चौदा वर्षं ज्यांची नावं लिहिली ते सगळे तिथे होते. चांदवे म्हणजे काळेभोर, कपाळावर पांढरा ठिपका. शेकाट्या म्हणजे कोणीतरी लठ्ठ असणार, असं का कोण जाणे मी धरून चालले होते, तर तो दोन लांब लालसर काड्यांवर उभा. पाण्यावरून ऊन येत होतं आणि त्या उन्हात कोणी बुडत होतं, कोणी पंख झटकत होतं, कोणी उगाच भांडत होतं. आणि पलीकडे अकरा काठ्यांवर अकरा पोती. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. एवढं सगळं माझ्या पाठीमागे चाललं होतं आणि मी पंपघर बघत बसले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं," हे म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. पांढरं काहीतरी दिसतं, काळं काहीतरी दिसतं, बाकी अंदाजाने. आकडे जुनेच सांगतो."

"आणि मी ते लिहिते." माझा आवाज चढला होता. "एकतीस वर्षांत मी खोटी ओळ लिहिली नाही. म्हणजे खोट्या साक्षी पुष्कळ लिहिल्या, पण त्या खोट्या आहेत हे मला माहीत असायचं. ऑपरेशन का नाही केलंत? लोकांना तर हाताला धरून पोचवता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. मग हळूच म्हणाले, "गावात सर्जन दोनच. दोघेही चष्मे माझ्याकडूनच घेतात. मला त्यांचे नंबर माहीत आहेत गं."

माझं निम्मं भांडण तिथेच वाया गेलं. घड्याळात साडेआठ वाजत होते. दातांच्या डॉक्टरांना यायला एक तास होता आणि माझ्या हातात खोट्या आकड्यांचा कागद होता. मी त्यावर कोर्टातल्यासारखी एकच आडवी रेघ मारली, खोडलेलं वाचता येईल अशी, खाली सही केली आणि घडी करून पिशवीत टाकला. मग यांच्या गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली आणि यांना स्टुलासकट फिरवून पंपघराकडे तोंड करून बसवलं.

"मला नावं येत नाहीत," मी म्हणाले. "मी दिसतं ते सांगते. तुम्ही ओळखा आणि लिहा."

"माझं अक्षर—"

"मोठं काढा."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. "लांब पायांचा एक. तुमच्या थोरल्या आत्या ओल्या फरशीवरून चालतात तसा पाय उचलून टाकतोय."

"शेकाट्या. किती?"

"चौदा. आता बदक, पण चोच फावड्यासारखी. मान खाली घालून पाणी गाळत चाललंय. आजूबाजूला काय चाललंय, बघतच नाही."

"थापट्या."

मला त्या थापट्याबद्दल आपुलकी वाटली. पण थापटे खूप होते आणि सारखे फिरत होते. तेव्हा यांनी पाठमोऱ्याने मला शिकवलं, की दहा मोजायचे, त्या दहांची जागा डोळ्यांत धरायची आणि तेवढीच जागा पुढे पुढे ठेवत जायची. एकेचाळीस भरले. मग एक लहानसं, गोल काहीतरी दिसलं. आत्ता होतं, आता नाही, आता तिसरीकडेच. "टिबुकली," हे म्हणाले, "बुड्या मारते, तिला चारदा मोजू नकोस." तोपर्यंत मी तिला तीनदा मोजलं होतं. एक राखाडी लांबोडा मान आत ओढून उभा होता, दुपारच्या बेलिफासारखा, तो राखी बगळा निघाला. काठाने शेपटी हलवत धावणाऱ्यांना मी धांदरट म्हटलं, यांनी धोबी म्हटलं. माझं नुसतं अर्धं वाक्य झालं की यांचं नाव तयार असायचं. माझ्या लक्षात आलं, यांना सगळं येतं आहे. फक्त दिसत नाही. आणि मला दिसतं आहे आणि काही येत नाही. तासभर आम्ही दोघांनी मिळून एक धड माणूस चालवला.

चांदवे शहाण्णव निघाले. तलवार बदकं वीस. यांनी बेरीज केली आणि पुन्हा केली.

"एवढेच?" यांनी विचारलं. आकडे उतरले होते, त्याहून यांचा आवाज जास्त उतरला होता.

"एवढेच. आणि चमचे शून्य."

यांनी शून्य काढलं. चांगलं वाटीएवढं काढलं.

बरोबर साडेनऊला दातांचे डॉक्टर तिवईवरची दुर्बीण घेऊन आले. "वहिनी, उलट्या बसलात की काय," असं म्हणून, उत्तर न घेता, त्यांनी मोजायला सुरुवात केली. आमचा कागद त्यांच्या एका हातात आणि डोळा दुर्बिणीला. चांदवे चौऱ्याण्णव, आमचे शहाण्णव. थापटे त्रेचाळीस, आमचे एकेचाळीस. शेकाटे चौदा, आमचेही चौदा. ते मान डोलवत होते. यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत येत होतं. मग डॉक्टरांनी दुर्बीण पलीकडच्या काठाकडे फिरवली. समोरून ऊन होतं.

"आणि चमचे, अकरा," डॉक्टर म्हणाले. "झोपलेत."

मी यांच्याकडे बघितलं. हे पंपघराकडे बघत होते.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून बघितला. शून्य? इतके ढळढळीत अकरा चमचे सुटले? मग त्यांना कारण सापडलं. वहिनींना बघायला बसवलंत, म्हणून सुटले. मग ते यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलत राहिले, की गेल्या वर्षीच्या तुमच्या नऊ चमच्यांवर मी मनातून शंका घेतली होती, ती माझी चूक. शून्य खोडा, अकरा करा, पहिला काठ तुमचाच. पुढच्या वर्षी मात्र बघायला तुम्हीच बसायचं, हे वहिनींना जमायचं नाही.

माझ्या पिशवीत 'चमचे ११' असा कागद होता, माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीचा. हे काही न बोलता नुसते बसून राहिले असते तरी काठ वाचला असता. नुसती मान हलवायची होती. माझ्या जिभेवर शब्द आले होते, पण मी ते गिळले. स्टेनोने साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नसतात. आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. यांनी मान हलवली असती तर मी यांच्याबरोबर तशीच राहिले असते, पण पुन्हा यांच्यासाठी लिहिलं नसतं.

हे उठले. "डॉक्टर, ते चमचे... म्हणजे गेल्या वर्षीचेही... नाही, आधी हे सांगतो. मला दिसत नाही. मोतीबिंदू आहे. दोन वर्षं... दोन की अडीच असतील. ती पोती आहेत. गेल्या वर्षीचे नऊ, तीही पोतीच. हिने बघितलंय. ही पोती म्हणाली, म्हणजे ती पोती."

तीनदा अडखळले, दोनदा मागे गेले. इतकी खरी साक्ष मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

डॉक्टर हसले. खताच्या पोत्यांना चमचे म्हणायला आपण काय शेंबडं पोर आहोत का, असं काहीतरी म्हणत त्यांनी पुन्हा डोळा लावला आणि तावातावाने आम्हाला सांगायला लागले, की हा बघा, एक जागा झाला. मान हलवतोय. एक बाई येताहेत, आता उडेल. आता उडायलाच पाहिजे.

मग ते थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाईंनी त्याला काढला," डॉक्टर म्हणाले. "झटकला. त्यात शेंगा भरताहेत."

आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची उघडी तोंडं बघितली, तेव्हा स्वतःचं मिटायचं असतं हे त्यांना बहुधा सुचलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी दुर्बिणीवर टोपी चढवली आणि अतिशय हळू आवाजात विचारलं, की गेल्या वर्षीच्या अहवालाचं काय करायचं. पहिल्यांदाच त्यांनी उत्तराची वाट बघितली.

फरक दहात एकाच्या आत होता, तेव्हा काठ आमच्याकडे राहिला. डॉक्टरांनी कागद सहीसाठी पुढे केला. त्यावर खाली दोन चौकटी असतात. चौदा वर्षं 'बघणारा'समोर यांचं नाव मी लिहीत आले आणि 'लिहिणारा'समोर माझं. मी सवयीने हात पुढे केला, पण कागद यांनी घेतला. नाकाला टेकवून यांनी पहिल्या चौकटीत माझं नाव लिहिलं. ते चौकटीत मावलं नाही, बाजूच्या 'हवामान'वर चढलं. दुसऱ्या चौकटीत स्वतःचं लिहिलं. मला तेव्हा रडू आलं, आणि डॉक्टर आहेत म्हणून मी दुर्बीण डोळ्यांना लावून ठेवली.

डॉक्टर गेल्यावर मी दोन्ही स्टुलं तळ्याकडे तोंड करून मांडली. मोजणी संपल्यावर नियम नसतो. हे विचारत होते, मी सांगत होते. टिबुकली बुडाली, वर आली, चांदव्यांची मारामारी झाली, बेलीफ अजून जागचा हललेला नाही. मधूनच मी विचारलं, "दोघांपैकी कोणत्या सर्जनकडे?"

यांनी खूप विचार केला. "ज्याचा नंबर कमी आहे त्याच्याकडे," हे म्हणाले. "सोमवारी."

मी पिशवीतला तो खोडलेला कागद काढला, त्याच्या कोऱ्या बाजूवर यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि खाली यांची सही घेतली.